प्रयोगात तांबं शेवटून पहिलं आलं, वहीत काय लिहायचं?

राजारामपुरीकर :
नमस्कार मंडळी. विषय घरगुती आहे, पण डोक्याला भुंगा लागलाय.

लेक आठवीत आहे. धातूंतून उष्णता कशी वाहते, हा प्रयोग घरी करून वहीत उतरवायचा होता. सळईवर मेणाच्या थेंबानं टाचणी चिकटवायची, सळईचं एक टोक मेणबत्तीवर धरायचं आणि टाचणी किती वेळात पडते ते मोबाईलवर मोजायचं. क्रम सगळ्यांनाच पाठ असतो : आधी तांबं, मग अ‍ॅल्युमिनियम, मग लोखंड.

घरात शोधाशोध केली. तांबं म्हणून अर्थिंगचा उरलेला तुकडा सापडला, चांगला करंगळीएवढा, १० मिमी जाड. अ‍ॅल्युमिनियम म्हणून जुनी सर्व्हिस वायर सोलली, ती ३ मिमी. लोखंड म्हणून माझ्या कॉलेजच्या सायकलचा स्पोक, २ मिमी. टाचणी सगळ्यांवर टोकापासून ५ सेंमीवर. एवढं तरी मोजूनमापून केलं.

निकाल :
अ‍ॅल्युमिनियम २६ सेकंद
स्पोक १ मिनिट २८ सेकंद
तांबं १ मिनिट ५२ सेकंद

तीनदा केलं, तिन्ही वेळा तांबं शेवटी. पोरगी खूश, कारण तिला वाटलं तिनं पुस्तक खोटं पाडलं. शाळेत विचारलं तर उत्तर आलं, "पुस्तकात आहे तसा क्रम लिही." घरातूनही तोच सूर, मार्क कशाला घालवायचे म्हणून. मला मात्र खोटे आकडे लिहायला सांगणं जमेना. चुकलं कुठं?

उद्यमनगरचा_लेथवाला :
साहेब, खासबागेत कधी कुस्ती बघितलाय का न्हाई? तिथं पैलवान आधी काट्यावर चढवत्यात, मग जोड लावत्यात. तुमी शंभर किलोचा गडी आणि तालमीतलं शेंबडं पोरगं एकाच आखाड्यात उभं केलंय आणि वर विचारताय कोण चपळ.

१० एमएमचं तांबं आणि २ एमएमचा स्पोक. कापलेला तोंडवळा बघितला तर तांब्याचा माल पंचवीस पट. मेणबत्तीनं तो कधी तापवायचा? तांब्याची काय चूक न्हाई, जोड लावणाऱ्याची हाय.

मुद्द्याचं_बोला :
तांबं सुवाहक आहे हे अख्ख्या जगाला माहीत आहे. घरी मेणबत्ती पेटवून ते सिद्ध होणार नाही आणि खोटंही ठरणार नाही. पुस्तकातलं लिहा, पुढचा धडा घ्या.

निवृत्त_लॅबवाले :
लेथवाल्यांनी नेमकं बोट ठेवलं आहे. मी त्यात थोडी भर घालतो. आयुष्य बीएस्सीच्या पोरांची प्रात्यक्षिकं घेण्यात गेलं, त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तुमचा निकाल चुकीचा नाही. तुम्ही ज्या प्रश्नाचं उत्तर काढलंत, तो प्रश्न वेगळा होता. विचारायचं होतं "कोणता धातू उष्णता चांगली वाहून नेतो?" आणि प्रयोगानं उत्तर दिलं "या तीन वस्तूंपैकी कोणती मेणबत्तीवर लवकर तापते?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिन्ही वेळा तेच आलं, म्हणजे मोजणी चोख आहे. त्याबद्दल लेकीला शाबासकी द्या.

अशा प्रयोगात बदलायची गोष्ट एकच हवी, इथं धातू. तिला स्वतंत्र चल म्हणतात. मोजायची गोष्ट, म्हणजे टाचणी पडायला लागणारा वेळ, ही अवलंबी चल. बाकी सगळं स्थिर ठेवायचं : जाडी, लांबी, टाचणीचं अंतर, मेणाचा थेंब, ज्योत, खोलीतला वारा. तुम्ही अंतर सांभाळलंत, पण धातूबरोबर जाडीही बदलली. मग फरक कशामुळे पडला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

ज्योत सळईला उष्णता देते ती तिच्या पृष्ठभागातून. जाडी दुप्पट झाली की ज्योतीत येणारा पृष्ठभाग दुप्पट होतो, पण तापवायचा माल चौपट. म्हणून बारीक तार झटकन तापते. त्यात तांब्याची आणखी एक गंमत. त्याचा विशिष्ट उष्मा, म्हणजे एक ग्रॅम एका अंशानं तापवायला लागणारी उष्णता, अ‍ॅल्युमिनियमच्या निम्म्याहून कमी आहे हे खरं, पण घनता तिपटीहून जास्त. हिशेब केला तर तेवढ्याच आकाराचा तांब्याचा तुकडा तेवढाच तापवायला अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण १.४ पट उष्णता लागते. म्हणजे जाडी सारखी केलीत तरी तांबं थोडं ओझं घेऊनच पळणार.

मधली_सुट्टी :
मी शिकवते, म्हणून शाळेची बाजूही मांडते. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, वर्गात साठ मुलं, कपाटात सळयांचा एकच संच आणि त्यातली पितळेची सळी कुणीतरी नेलेली. "पुस्तकात आहे तसं लिही" हे उत्तर चूकच आहे, पण ते कुठून येतं तेही बघा.

दादा, तुमच्या लेकीनं खरे आकडे लिहावेत आणि खाली एक ओळ टाकावी : सळयांची जाडी वेगवेगळी होती. अशी वही तपासायला मला दिली तर मी पूर्ण मार्क देईन. माझ्याकडे दरवर्षी साठच्या साठ वह्यांत तांबं पहिलं येतं, बऱ्याच वह्यांत सेकंदही तेच, आणि एका वहीतली खाडाखोडसुद्धा दुसऱ्या वहीत उतरलेली असते.

राजारामपुरीकर :
सर, ताई, आभार. लेथवाले दादा, कुस्तीचं उदाहरण पोरीला इतकं आवडलं की वहीत "जोड लावताना वजन बघितले नाही" असंच लिहिलंय. खोडायला सांगितलं नाही.

आता पुन्हा करायचंय. एकाच जाडीच्या सळया कुठं मिळतील?

उद्यमनगरचा_लेथवाला :
या की दुकानात. तांबं, अ‍ॅल्युमिनियम, पितळ, एमएस म्हंजे साधं पोलाद, चारी ६ एमएमला उतरवून देतो, २० सेंटीमीटरचे तुकडे. कॅलिपर लावून देतो, उगंच नंतर म्हणाल माल कमी भरला. पैशाचं काय न्हाई, पण निकाल इथं टाकायचा.

निवृत्त_लॅबवाले :
सळया बदलताय तर मेणबत्तीही सोडा. ज्योत हलते, काजळी धरते, सळई अर्धा सेंमी इकडची तिकडं झाली की निकाल फिरतो. पत्र्याच्या डब्याला एका उंचीवर चार भोकं पाडा, सळया ४-४ सेंमी आत घाला, बाहेरून एम-सील लावा आणि डब्यात उकळतं पाणी ठेवा. उकळत्या पाण्याचा मोठा गुण म्हणजे त्याचं तापमान जागचं हलत नाही. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे इथं पाणी १०० नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. पण ते चारी सळयांना सारखंच, म्हणून तक्रार नाही.

दोन सूचना. शेगडीची धग बाहेरच्या सळयांना थेट लागू देऊ नका, मध्ये पत्र्याचा आडोसा करा. आणि पाणी उकळायला विजेचा हीटर त्या डब्यात घालू नका. धातूच्या सळया बाहेर आल्यात आणि पोर हात लावणार आहे.

राजारामपुरीकर :
रविवारी केलं. गोडेतेलाचा जुना डबा, एम-सील, गॅस, आडोशाला कुकरचं जुनं झाकण. पंखा बंद, त्यामुळे सगळे घामाघूम. टाचणी डब्यापासून ८ सेंमीवर. मेणाचे थेंब एकाच मेणबत्तीचे, तिनं ड्रॉपरनं टाकायचा प्रयत्न केला, ड्रॉपर तुंबला, शेवटी मोजून दोन-दोन थेंब.

चार फेऱ्यांचे सेकंद :
तांबं : ४८, ५५, ५१, ६०
अ‍ॅल्युमिनियम : ५७, ५२, ६४, ५९
पितळ : अडीच ते पावणेतीन मिनिटं
लोखंड : टाचणी पडलीच नाही. वीस मिनिटं वाट बघितली, हात लावला तर सळी कोमट.

पितळ आणि लोखंड यांचं कळलं. पण तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यात एका फेरीत हा पुढं, एका फेरीत तो. सरासरी तांब्याची ५३.५, अ‍ॅल्युमिनियमची ५८. तांबं जिंकलं म्हणायचं का?

मुद्द्याचं_बोला :
जिंकलं की! पुस्तकाप्रमाणेच आलं. एवढा आटापिटा करून तेच.

निवृत्त_लॅबवाले :
घाई नको. तांब्याच्याच चार आकड्यांत ४८ ते ६० असा १२ सेकंदांचा पसारा आहे आणि दोन धातूंच्या सरासरीत फरक साडेचार सेकंदांचा. जी मोजपट्टी स्वतःच १२ सेकंद डुलते, तिनं साडेचार सेकंदांचा निवाडा द्यायचा नसतो. लेकीनं "सांगता येत नाही" असं लिहावं. वहीत ते लिहायला लाजायचं कारण नाही.

गंमत अशी की हा निकाल मुळातच जवळजवळ बरोबरीचा यायला हवा. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० वॅट प्रति मीटर केल्व्हिन, शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची २३७. फरक मोठा दिसतो. पण टाचणी पडायची शर्यत केवळ वाहकतेवर ठरत नाही. उष्णता पुढं सरकताना वाटेतला धातू तापवत तापवत जाते, म्हणून वाहकतेला त्या धातूच्या उष्मा साठवण्यानं भागावं लागतं. मघाशी म्हटलं तसं तांबं १.४ पट उष्णता पोटात ठेवतं. भागाकार केला की ४०० विरुद्ध २३७ ही दरी आकसून साधारण ११६ विरुद्ध ९७ इतकीच उरते. (चांदी आणली असती तर गंमत उलटी. तिची वाहकता ४२९, म्हणजे तांब्याच्या पुढं जेमतेम सात टक्के. पण ती अ‍ॅल्युमिनियमएवढीच उष्णता पोटात ठेवते, म्हणून भागाकार १७०च्या आसपास जातो; हुपरीहून उत्तम चांदी आणली असती तर घरच्या स्टॉपवॉचलाही तो फरक दिसला असता.)

तेव्हा स्टॉपवॉचच बाजूला ठेवा. ही युक्ती जुनी आहे. यान इंगेनहाउस नावाचा डच डॉक्टर होता, झाडं उन्हात प्राणवायू सोडतात हे १७७९ साली दाखवणारा तोच. बेंजामिन फ्रँकलिनच्या सुचवण्यावरून त्यानं वेगवेगळ्या धातूंच्या तारांना मेणाचा लेप दिला, टोकं तापवली आणि मेण कुठपर्यंत वितळतं ते पाहिलं. ते काम १७८९ साली छापलं गेलं. पुढं फूरियेनं १८२२ साली उष्णतेचं गणित मांडलं आणि त्यातून हिशेब निघाला : तारा पुरेशा लांब असतील, जाडी आणि पृष्ठभाग सारखे असतील आणि सगळं स्थिरावेपर्यंत थांबलात, तर वितळलेल्या लांबीचा वर्ग हा वाहकतेच्या प्रमाणात असतो. स्थिरावल्यावर साठवणुकीचा प्रश्नच उरत नाही. जेवढी उष्णता येते, तेवढी वाटेत हवेला जाते.

तुमच्या ६ मिमीच्या सळया त्यासाठी जाड आणि आखूड आहेत, तांब्यावरचं मेण टोकापर्यंत वितळेल. सव्वातीन मिमीच्या आसपासच्या, ३० सेंमी लांबीच्या तारा घ्या. सगळ्यांना मेणाचा सारखा लेप द्या, म्हणजे चकचकीत तांबं आणि काळपट लोखंड हाही भेद मिटेल. पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि फूटपट्टी लावा.

काहिल_आणि_चिपाड :
मी करवीर तालुक्यातला, घरचं गुऱ्हाळ आहे. धागा वाचून आमचा घोळ आठवला. आमची रस आटवायची काहिल लोखंडी होती, यंदा स्टेनलेस स्टीलची केली. आधण उतरायला वेळ लागायला लागला. गुळव्या म्हणतोय, "स्टील ताव धरत नाही, जुनी काहिल आणा." मीही मान डोलावली. पण आता आठवतंय, त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला आणि जळणाची चिपाडं दमट होती. शिवाय ऊस दुसऱ्या फडातला. मग दोष काहिलीचा का चिपाडाचा?

स्टील उष्णता कमी वाहतं हे मात्र खरं ना?

निवृत्त_लॅबवाले :
खरं आहे. स्टेनलेसची वाहकता १५-१६, साध्या पोलादाची ५०च्या आसपास. पण तुमच्या काहिलीत त्यानं फारसं बिघडत नाही. चुलवाणातली धग रसापर्यंत जाताना तीन नाकी ओलांडते : तापलेल्या वायूकडून पत्र्याला, पत्र्यातून आरपार, पत्र्याकडून रसाला. खरी अडवणूक पहिल्या नाक्यावर होते, तिथं काजळीचा थर असेल तर आणखी. तीन-चार मिमीचा पत्रा, स्टीलचा असला तरी, त्या मानानं उघडा दरवाजा आहे. नाक्यावर गाड्यांची रांग लागली असताना पुढचा रस्ता दुपदरी आहे का चौपदरी, याला काय अर्थ?

स्टीलची खोड वेगळी. उष्णता आडवी पसरत नाही, त्यामुळे जिथं धग थेट लागते तिथं रस खाली लागायची भीती जास्त. तांब्याच्या बुडाच्या पातेल्याचा फायदाही तोच. तळ सगळीकडे सारखा तापतो, दूध लवकर उकळतं असं नाही.

तुमचा संशय चिपाडावर धरा. ओल्या चिपाडातलं पाणी उडवण्यातच बरीच धग जाते. खात्री करायची तर एकाच फडाचा ऊस, एकाच ढिगातलं वाळलेलं चिपाड आणि दोन दिवस दोन काहिली. रसाचं वजनही करा.

काहिल_आणि_चिपाड :
जुनी काहिल भंगारात घालणार होतो, आता ठेवतो. गुळव्याला हे सांगणार कोण, हा वेगळा प्रयोग.

उद्यमनगरचा_लेथवाला :
तारांचं माज्याकडं लागलं. तांबं, अर्थिंगची १० गेजची तार. पितळ म्हंजे ब्रेझिंगची रॉड, एमएस म्हंजे गॅस वेल्डिंगची रॉड, तांब्याचा मुलामा पॉलिश पेपरनं काढून दिलाय. अ‍ॅल्युमिनियमची पण वेल्डिंगचीच रॉड. समद्या सव्वातीनच्या आतबाहेर, केसाचा फरक. संध्याकाळी घेऊन जावा.

राजारामपुरीकर :
झालं. आईचा एक जर्मनचा डबा होता, त्याला भोकं पाडली म्हणून दोन दिवस अबोला सोसला. (जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम हे पोरीला यातच कळलं.) मेण वितळवून ब्रशनं लेप दिला. पहिल्या पाच मिनिटांत तांब्यावरची ओली रेघ सरसर पुढं गेली, मग मुंगीच्या पावलानं, मग थांबली. वितळलेलं मेण चकाकतं आणि न वितळलेलं पांढरं राहतं, त्यांच्यामधली सीमा इतकी स्पष्ट दिसते की पोरगी फूटपट्टी घेऊन नाक लावून बसली होती. वीस मिनिटांनी मोजलं, पुन्हा दहा मिनिटांनी मोजलं, हललं नव्हतं.

तांबं १४.२ सेंमी
अ‍ॅल्युमिनियम ९.२
पितळ ७.७
लोखंड ५.१

तिनं वर्ग काढले आणि तांब्याच्या वर्गाला बाकीच्यांनी भागलं. पितळाला ३.४ आलं, लोखंडाला पावणेआठ. सरांनी दिलेल्या ५०च्या आकड्याशी लोखंड जमतं. पण अ‍ॅल्युमिनियम? ४०० भागिले २३७ म्हणजे १.७ यायला हवं होतं, आलं २.४. आता काय चुकलं? दोनदा केलं, ९.२ आणि ९.३.

मधली_सुट्टी :
लेप सारखा होता का? त्या सळईवर खिडकीचा वारा?

राजारामपुरीकर :
तोही संशय आला, म्हणून दुसऱ्यांदा तारांच्या जागा बदलून केलं. तेच.

उद्यमनगरचा_लेथवाला :
थांबा. चूक माजी हाय. ती वेल्डिंगची फिलर रॉड, शुद्ध अ‍ॅल्युमिनियम न्हवं. तिच्यात पाचेक टक्के सिलिकॉन असतंय, जोड चांगला वाहावा म्हणून. मी अ‍ॅल्युमिनियम म्हणून दिली आणि माज्या डोक्यातच न्हाई आलं.

निवृत्त_लॅबवाले :
वा! मग तर काहीच चुकलं नाही. धातूत दुसरं काही मिसळलं की वाहकता घसरते, कारण उष्णता वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनांना अडथळे होतात. पितळ तांब्यापेक्षा एवढं मागं पडतं ते त्यामुळेच. ४०० भागिले २.४ म्हणजे १६७, आणि एवढ्या सिलिकॉनच्या अ‍ॅल्युमिनियमची वाहकता त्याच घरात असते. आठवीच्या पोरीनं तेलाच्या नाही तर आईच्या डब्यावर, फूटपट्टीनं, सळईत भेसळ आहे हे ओळखलं. मी इतकी वर्षं वाहकता मोजायच्या सर्लच्या उपकरणावर पोरांकडून तांब्याचा आकडा काढून घेतला, पण असा योग आला नाही.

विजेच्या तारेचं अ‍ॅल्युमिनियम जवळपास शुद्ध ठेवावं लागतं, नाहीतर वीजही नीट वाहणार नाही. तुमच्या पहिल्या पोस्टमधली ती सर्व्हिस वायर फेकून दिलीत का?

राजारामपुरीकर :
नाही, आहे. तीही ३ मिमीच, जाडीत थोडा फरक पडेल, पण सर म्हणालेत एवढा चालेल. लेक आत्ता गच्चीत बसून ती सोलतेय. प्रयोगाआधी तिनं वहीत अंदाज लिहून ठेवलाय, पेननं, खोडता येऊ नये म्हणून : ११ सेंमी. पाणी गॅसवर चढवलंय. पंखा बंद.